फ्लॅटवाउंड लावल्या की बेस रुसतो, त्याचं काय करायचं

गेल्या रविवारी कोथरूडहून एक पोरगा आला. बाहेर धो धो पाऊस, पाठीला गिगबॅग, बॅगेवर कचऱ्याची काळी पिशवी चढवलेली, आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "दादा, फ्लॅट्स फॉल्टी निघाल्या." फ्लॅट्स म्हणजे फ्लॅटवाउंड, चपट्या पट्टीच्या तारा. बॅग उघडली तर आत स्क्वायरचा ब्रॉन्को, म्हणजे छोटा ३० इंची बेस गिटार, आणि ई च्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवरची चपटी पट्टी खुंटीपाशी उसवून वर आलेली, साडीच्या फॉलचा दोरा सुटावा तशी. तार लावून दोन दिवस झालेले. सेट बाहेरून मागवलेला, पोरानं पैसे साठवून घेतलेला, त्यामुळे तोंड इतकंसं झालं होतं बिचाऱ्याचं.

"फ्लॅट्स फॉल्टी निघाल्या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा बॅगेची चेन उघडायच्या आत मी मोजपट्टी काढून ठेवतो. बेस दर वेळी वेगळा, वाक्य तेच. तार खरोखरच खराब निघाली असं एकदाच झालंय, ते पुढे सांगतो. बाकी सगळ्या वेळी सेटही चांगला होता आणि बेसही, दोघांची पत्रिका बघितली नव्हती एवढंच.

मी काही लुथियर, म्हणजे गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा, वगैरे नाही. आठवडाभर हिंजवडी, आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, त्या गाण्यांना फ्लॅट्सच लागतात, त्यामुळे स्वतःच्या तीन बेसवर नको ते सगळे प्रयोग करून झालेत आणि मग मित्रांचे, मित्रांच्या मित्रांचे बेस डायनिंग टेबलावर यायला लागले. बायको म्हणते पाटी लाव बाहेर, दुपारी १ ते ४ बंद. तर हे एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे वाकडच्या ट्रॅफिकमध्ये फोनवर समजावत बसायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. फ्लॅटवाउंड म्हणजे बाहेरचं शेवटचं वेटोळं गोल तारेचं नसून चपट्या पट्टीचं असतं. गोल वेटोळ्यात दोन वळणांच्या मध्ये खाच राहते, पट्टीत ती भरून निघते. म्हणजे तेवढ्याच जाडीत लोखंड जास्त बसतं, तार जड होते, आणि जड तार त्याच सुराला आणायची तर जास्त ताणावी लागते. म्हणून राउंडवाउंडचा, म्हणजे गोल वेटोळ्याचा, ४५-१०५ (हे गेज, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) काढून फ्लॅटचा ४५-१०५ लावला की "गेज तर सेम आहे" असं म्हणून चालत नाही. राउंडचा तो सेट चार तारा मिळून ७५-८० किलोच्या आसपास ओढतो, जाड फ्लॅट्स त्याच्या बऱ्याच वर जातात, आणि हे सगळं नेकला, म्हणजे मानेच्या त्या लाकडाच्या एका पट्टीला, सोसायचं असतं.

आणि फ्लॅट्समध्येही गेजचा आकडा फसवतो, राउंडपेक्षा जास्त फसवतो. थॉमास्टिकचा जेएफ ३४४ घ्या, ४३-५६-७०-१००. डॅडॅरिओ क्रोम्सचा ईसीबी ८१ घ्या, ४५-६५-८०-१००. दोन्हीत ई ची तार १००. पण हाताखाली घेतली की थॉमास्टिक मऊ, बोटानं सहज ढकलता येते, आणि क्रोम्स कडक. आतली बांधणी वेगळी, वजन वेगळं. पाकिटावरचा आकडा तुम्हाला फक्त एवढं सांगतो की तार नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या, खाचेत बसेल की नाही. ती नेकला किती ओढेल हे टेन्शनच्या तक्त्यात असतं, बऱ्याच कंपन्या तो छापतात, तो बघा. दुकानात विचारलं तर "सगळ्यांना हाच बसतो" असं उत्तर मिळतं, मला तरी मिळालं होतं, आणि त्या उत्तरावर विश्वास ठेवून मी जो सेट आणला तो अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.

आपल्याकडे तंबोऱ्याच्या बाबतीत हे कुणाला शिकवावं लागत नाही बघा. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलात तर आधी विचारतात, गाणार कोण, पट्टी कुठली, आणि मग त्या लांबीच्या वाद्याला त्या सुरासाठी कुठल्या नंबरची तार हे ठरतं. मर्दानी तंबोऱ्याची खर्जाची तार जनानी तंबोऱ्यावर चढवून "तार खराब" असं कुणी म्हणत नाही. बेसच्या बाबतीत मात्र आपण बूट घेतल्यासारखं पाकिटावरचा नंबर बघून घेतो.

आता लांबी. नटपासून १२व्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजा आणि दुप्पट करा, ती तुमची स्केल. १७ इंच आलं तर ३४, म्हणजे फेंडरचे प्रिसिजन आणि जॅझ, स्टिंगरे, यामाहा-आयबनेझचे बहुतेक बेस. १५ आलं तर ३०, म्हणजे मस्टँग, ब्रॉन्को, हॉफनरचा व्हायोलिन बेस. रिकनबॅकर मधेच कुठेतरी, ३३.२५. मोजायला स्टीलचा टेप घ्या, शिंप्याचा टेप ताणला जातो, मी त्यावर एकदा अर्ध्या इंचानं फसलोय.

पण तारेसाठी नुसती स्केल पुरत नाही, इथेच ब्रॉन्कोवाला पोरगा अडकला. मोजायचं असतं ते तारेच्या टोकाचा मणी, म्हणजे बॉल, जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत. तारेचं जाड वेटोळं एका ठराविक लांबीपर्यंत असतं, पुढे ते संपून रंगीत रेशीम गुंडाळलेलं बारीक शेपूट सुरू होतं. हे शेपूट नट ओलांडल्यावर, पण खुंटीच्या आधी सुरू व्हायला पाहिजे. लाँग स्केलच्या सेटात जाड भाग साधारण ३६-३७ इंच असतो. ब्रॉन्कोला बॉलपासून नटपर्यंत ३१-३२ इंच. ई ची खुंटी नटच्या अगदी जवळ, दोन-अडीच इंचांवर. हिशोब करा, म्हणजे ती जाड, चपट्या पट्टीची तार पूर्ण जाडीनिशी खुंटीभोवती गुंडाळली गेली, पट्टीला एवढं घट्ट वळण सोसवत नाही, ती उघडते, आणि मग सूरही उतरत राहतो. गंमत म्हणजे त्याच बेसवर जी ची तार ठणठणीत होती, कारण जी ची खुंटी सगळ्यात लांब, तिथे पोचेपर्यंत रेशीम सुरू झालेलं. म्हणून पोराला वाटलं एकच तार फॉल्टी. ए ची पण बघितली तर तिचीही पट्टी उचलायला लागलेलीच होती.

उलटा घोळही होतो. काही बेसमध्ये तार बॉडीच्या मागून आरपार घालतात. दिसायला भारी दिसतं, पण त्यात तारेची इंच-दीड इंच लांबी खर्च होते, आणि लाँग स्केलचा एखादा सेट अपुरा पडून रेशीम नटच्या आतच, पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर येतं. शिवाय ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तार टेकते त्या पट्टीवर, जवळजवळ काटकोनात वळण, पट्टी तिथे चिरते. ब्रिजमधूनही तार घालायची सोय असेल तर फ्लॅट्स गुमान ब्रिजमधूनच घाला, आरपार घातल्यानं सस्टेन वाढतो वगैरे चर्चा चहावर करायला ठीक आहे.

शॉर्ट स्केलला आणखी एक भानगड. सूर तोच ठेवून लांबी कमी केली की ताण लांबीच्या वर्गानं कमी होतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग, ०.७८. म्हणजे तीच तार ३४ वरून ३० वर आणली की २२ टक्के ताण गेला. प्रिसिजनवर छान वाटणारा मऊ सेट मस्टँगवर दोरीसारखा लोंबतो आणि ई वाजवताना फ्रेटवर आपटतो, मग लोक ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, वर करत बसतात. गणितानं ती भरपाई पूर्ण करायची तर १०० च्या जागी ११३ ची ई लागेल, पण तसं करू नका, कारण जाड आणि आखूड तार म्हणजे सळई, १२व्या फ्रेटच्या वर तिचा सूर जागेवर येत नाही कितीही मागे न्या. शॉर्ट स्केलसाठीच बनवलेला सेट घ्यायचा, आणि ४५-१०० आणि ५०-१०५ मध्ये निवड असेल तर दुसरा. एवढंच. हाच नियम अर्धा सूर खाली लावणाऱ्यांनाही, ई फ्लॅटला आणलं की सगळ्या तारांचा सुमारे ११ टक्के ताण जातो, आणि ई उतरवून डी केली तर त्या एका तारेचा २० टक्के. गायकाच्या पट्टीसाठी आख्खा बेस खाली उतरवून ठेवणारे आमच्याकडे आहेत, त्यांनी मऊ फ्लॅट्सच्या नादाला लागू नये.

आता प्रिसिजनवाले. यांचं दुखणं एकच, जेमर्सन. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमर्सन, त्याचा १९६२ चा प्रिसिजन, त्यावर ला बेलाच्या जाडजूड फ्लॅट्स, आणि तार तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही ही गोष्ट सगळ्यांना पाठ. ला बेला तो सेट अजून विकते, ५२-७३-९५-११०. मग आपण तो मागवतो आणि हलक्याशा बजेट बेसवर चढवतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी, जे ऑर्केस्ट्राच्या जमान्यापासून वाजवतायत आणि ज्यांच्यासमोर मी बेसबद्दल शक्यतो तोंड उघडत नाही, त्यांनीच हे केलं. दुसऱ्या दिवशी फोन, "अरे, १२व्या फ्रेटखालून पेन्सिल जातीये." मी गेलो तर खरंच जात होती. नेक धनुष्यासारखा पुढे आलेला. काकांना म्हटलं सेट उतरवू या का, तर म्हणाले, "आता हाच वाजवणार." मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई.

ट्रस रॉडची लोकांना उगाच भीती वाटते, किंवा उगाच अजिबात वाटत नाही, दोन्ही वाईट. रीत अशी. तार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), दुसऱ्या हाताची बोटं जिथे नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर, आणि ७व्या-८व्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये किती जागा आहे बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. डोळ्यानं कळत नाही, फीलर गेज घ्या, नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच. काकांच्या बेसवर ०.८ ची पट्टीसुद्धा हलत होती. रॉडच्या टोकाचा नट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की रॉड घट्ट होतो, नेक मागे येतो. पाव फेरी, परत सूर लावा, परत मोजा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका कारण लाकूड सावकाश बसतं. काकांच्या बेसला तीन दिवसांत तीन वेळा पाव फेरी लागली. ॲलन की बरोबर मापाचीच घ्या, काही बेसना इंचातली लागते काहींना मिलिमीटरमधली, जवळपासची घालून फिरवली की आतलं षटकोनी भोक गोल होतं आणि मग तो खर्च वेगळाच. आणि रॉड कच्चकन अडला तर थांबा, जोर लावू नका, तिथे जाणकाराकडेच न्यायचं.

नेक सरळ झाला तरी काकांची तक्रार होतीच, पहिल्या दोन फ्रेटवर सूर चढा लागतो. हे नटचं काम. १०५ च्या तारेसाठी कापलेली खाच, त्यात ११० बसत नाही, वरच टेकून राहते. बघायचं कसं, तर तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उचललेली दिसते बघा. केसाएवढी जागा ठीक, वहीचं पान सहज सरकत असेल तर खाच उथळ आहे. ही खाच रुंद-खोल करायला नटच्या फाइली लागतात, घरातली कानस नाही, जास्त कापली गेली की तार पहिल्या फ्रेटवर कायमची झणझणते. काकांचा नट मी केला नाही, सरळ सांगतो, कॅम्पमध्ये एक जुने गिटार रिपेअरवाले आहेत त्यांच्याकडे दिला.

मग ॲक्शन, १७व्या फ्रेटवर ई ला साधारण २.४ मिलिमीटर आणि जी ला २, तिथून सुरुवात करा आणि हाताला रुचेल तसं बदला. फ्लॅट्स कडक असतात म्हणून राउंडपेक्षा थोडी खालीही चालते. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं, आणि इथे फ्लॅट्सचा एक खास त्रास. ई चं सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकते तो सरकता तुकडा, मागे मागे न्यावं लागतं, आणि कधीकधी स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन सॅडल आणखी मागे सरकतच नाही. स्प्रिंग काढून टाका किंवा अर्धी कापा, काही बिघडत नाही. पण त्याच्याही आधी एक करा जे कुणीच करत नाही, नटच्या लगेच पुढे आणि सॅडलच्या लगेच पुढे तार अंगठ्यानं खाली दाबा. कडक तार सॅडलवरून कमानीसारखी वर जाते, तिला तिथे नीट मोड बसला नाही तर बोलती लांबी नक्की कुठून सुरू होते हे तिलाच माहीत नसतं. माझ्या स्वतःच्या प्रिसिजनवर मी तासभर स्क्रू फिरवत बसलो होतो आणि शेवटी दोन वेळा अंगठा दाबल्यावर ट्यूनरची सुई मध्यावर आली.

जॅझ बेसवाल्यांना टेन्शनपेक्षा आवाजाची तक्रार जास्त. "फ्लॅट्स लावल्या तरी खणखणतंय." क्रोम्स लावल्यात का, तर हो. क्रोम्स फ्लॅट्समधल्या चकचकीत, अर्नी बॉलच्या कोबाल्ट फ्लॅट्स त्याहून चकचकीत, आणि जॅझच्या ब्रिजजवळच्या पिकअपला (तारेखालचं, आवाज उचलणारं चुंबक) तेच हवं असतं जे तुम्हाला नको असतं. त्यात नव्या फ्लॅट्स पहिले काही आठवडे थोड्या खणखणतातच, वाजवून बोटांचा घाम-तेल लागलं की बसतात. तोपर्यंत ब्रिजच्या पिकअपचा व्हॉल्यूम खाली, टोन अर्धा. ला बेला काळोखी, ढब्ब करणारी, थॉमास्टिक मधल्या सुरात गाणारी, हे माझे कान. राउंडवाउंडवाल्यांचा लाडका द हू या रॉक बँडचा जॉन एंटविसल, त्यानं साठच्या दशकात रोटोसाउंडकडून चकचकीत तारा बनवून घेतल्या त्या याच्या बरोबर उलट कारणासाठी. आणि जे म्हणतात फ्लॅट्सवर रॉक वाजत नाही त्यांनी आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस आठवावा, त्याच्या नावाचा रोटोसाउंडचा सेट फ्लॅटच आहे, ५०-७५-९५-११०.

जी मोठी वाजते आणि ई दबते ही पण नेहमीची तक्रार. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो, ई-ए चा वेगळा आणि डी-जी चा वेगळा, दोघांना वेगळे स्क्रू. डी-जी चा तुकडा अर्धी फेरी खाली, बघा, परत अर्धी. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये अडीच-तीन मिलिमीटर राहू द्या. ई ला मोठं करायचं म्हणून पिकअप तारेला चिकटवू नका, चुंबक तार ओढायला लागतं आणि सूर लहरतो.

जी वर ५व्या ते ७व्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतो, तो मात्र तारेचा दोष नाही आणि सेट बदलून जात नाही, फेंडर पद्धतीच्या नेकला तो असतोच कमीजास्त. राउंडवर लक्षात येत नाही, फ्लॅट्स मुळात कमी रेंगाळतात म्हणून उघडा पडतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून बघा, जागा थोडी सरकते.

व्हायोलिन बेसवाल्यांनो, चारही तारा एकदम काढू नका. ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानंच उभा असतो, तारा गेल्या की तो पडतो आणि मग इंटोनेशन शून्यापासून. आधी ब्रिजच्या पायाशी पेन्सिलनं बारीक खूण, मग एकेक तार बदला. पोकळ अंगाचा बेस आहे, हलक्या सेटावरच ठेवा. रिकनबॅकर पुण्यात मी हातात घेतलेला एकच, त्याला दोन ट्रस रॉड होते, हलक्या फ्लॅट्स लावा आणि रॉड ज्याला कळतो त्यालाच फिरवू द्या. पाच तारांच्या बेसला फ्लॅट्स लावायच्या असतील तर लो बी कडून फार अपेक्षा नको, ३१ हर्ट्झचा सूर आणि वरची धार गेलेली, अँपमधून नुसती उशी हलल्यासारखं वाटतं, ३५ इंची असेल तर जरा बरं. ॲक्टिव्ह बेस असेल तर प्रीॲम्पचे सगळे नॉब मध्यावर आणून ऐका आधी, अर्ध्या लोकांचा ट्रेबल जुन्या तारांच्या सवयीनं फुल असतो.

एक किस्सा. सिंहगड रोडचा एक मित्र, त्याच्या बेसला हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येतो म्हणून त्यानं तपकीर गल्लीत जाऊन जॅक आणला, वायर आणली, कंट्रोल प्लेट उघडून सगळं परत सोल्डर केलं, तरी तारेला हात लावला की हम जात नाही. पूर्वी जायचा. माझ्याकडे आणला, मी तारा बघितल्या, काळ्या. "ह्या कधी लावल्यास?" "अरे ह्या फ्लॅट्सच आहेत, जरा मऊ वाटतात म्हणून घेतल्या." त्या नायलॉन टेपवाउंड होत्या. बाहेरची पट्टी नायलॉनची, त्यातून वीज जाणार कशी, त्यामुळे हात लावला तरी आपलं अंग ग्राउंडला जोडलं जात नाही आणि हम तसाच राहतो. बेसमध्ये काही बिघडलं नव्हतंच. टेपवाउंड वाईट नसतात, पण त्या वेगळ्या, गेजनं बऱ्याचदा जाड, नटच्या खाचेचा प्रश्न पुन्हा उभा. पाकीट नीट वाचा.

लावताना दोन चुका सगळे करतात. एक, आधी कापतात मग वाकवतात. आधी काटकोनात मोड द्या, मग मोडाच्या पुढे कापा, नाहीतर आतल्या तारेवरचं वेटोळं सैल होऊन सरकतं आणि तार मेल्यासारखी वाजते. दुसरी, तार पिळतात. खुंटी फिरवताना शेपूट हातात घट्ट धरून ठेवलं की पीळ आतच अडकतो. मोकळं सोडा, पीळ स्वतः उलगडू द्या. ई ला दोन वेढे पुरे. आणि राउंड उकळतात तशा फ्लॅट्स उकळू नका रे बाबांनो, नुसतं कोरड्या कापडानं पुसा.

खरी फॉल्टी तार जी निघाली ती ए होती. तिची परीक्षा तंबोऱ्यासारखीच, उघडी वाजवली की एकाच तारेतून दोन सूर भांडताना ऐकू येतात, आणि पांढऱ्या भिंतीसमोर धरून छेडली की थरथर सरळ न दिसता वेडीवाकडी दिसते. १२व्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर कुठल्याच सॅडलवर जुळेना. बेसुरी तार, बस. ती सैल करून पीळ काढून परत लावली, तरी तेच, तेव्हाच मी मानलं.

पुण्यात हा सगळा खटाटोप कधी करताय त्यालाही महत्त्व आहे. मार्च ते मे हवा कोरडी ठक्क, जूनपासून दमट, लाकूड ओलावा पितं आणि नेक हलतो, कुणाचा पुढे कुणाचा मागे. पहिल्या पावसाच्या आठवड्यात फ्लॅट्स लावून "ॲक्शन बदलली" म्हणाल तर तारांना दोष द्यायचा की हवेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लावा, आठ-दहा दिवस वाजवा, मग रॉडला हात लावा. बालगंधर्वला प्रोग्रॅमच्या सकाळी तर मुळीच सेट बदलू नका, मी बदललाय, दुसऱ्या गाण्याला ई पाव सूर खाली होती आणि गायिकेनं माझ्याकडे जे बघितलं ते विसरणार नाही.

तर ब्रॉन्को. पोराकडून बॉलपासून नटपर्यंत मोजून घेतलं, ३१ इंच आणि वर थोडं, कागदावर लिहून दिलं, शॉर्ट स्केल, ५०-१०५, जाड भाग ३२ पेक्षा जास्त आणि ३३ च्या आत. उसवलेला सेट फेकू नको म्हटलं, डी आणि जी धड आहेत, ठेव स्पेअरला. नवा सेट आठवड्यात आला, त्यानं इथेच टेबलावर बसून स्वतः लावला, आधी मोड मग कापणं, अंगठा दाबणं, सगळं. ई चं रेशीम नट आणि खुंटीच्या बरोबर मध्ये. वाजवला, गोल ढब्ब आवाज आला, चेहरा खुलला, चहा घेऊन गेला.

काल रात्री साडेदहाला त्याचा फोन. "दादा, बाकी मस्त आहे, पण फ्लॅट्सवर अंगठ्यानं आपटून स्लॅप नीट वाजत नाहीये, काय प्रॉब्लेम असेल?"